वळणावरचे चर

रस्ता कुठून काढायचा यावरून कोळदऱ्यात वाद पेटला, तेव्हा माधवीला गावात येऊन महिनाही झाला नव्हता.

कोळदरा म्हणजे चारठाण्याच्या पलीकडं, डांबरी सडक संपल्यावर लागणारं डोंगराच्या पायथ्याचं गाव. आजूबाजूचे डोंगर उघडेबोडके, नुसता मुरूम दाखवणारे. गावामागचा एक डोंगर मात्र सागवानानं गच्च भरलेला. ती झाडं सरकारनं लावली नव्हती. तीसेक वर्षांमागं गावातल्या घरांनी आपापली उताराची पडीक रानं एकत्र केली, वृक्षसंस्था काढली आणि बायकांनी डोक्यावर घागरी वाहून रोपं जगवली. झाडं डोक्याच्या वर गेली तसा डोंगराच्या पोटातला आटलेला झिरा पुन्हा पाझरायला लागला. पुढं गावात नळ आले, पण नळाला पाणी येईल त्या दिवशी खरं. झिरा मात्र भर उन्हाळ्यातही घागर भरून द्यायचा.

आता सागवान तोडीला आलं होतं. सगळा डोंगर एकदम कापायचा नाही, दाटी झालेल्या पट्ट्यातली निवडक झाडं काढायची आणि बाकीची वाढू द्यायची, असं संस्थेनं ठरवलं. परवानगीही मिळाली. पण कामावर एखादं शिकलेलं माणूस हवं अशी अट होती, म्हणून माधवीची नेमणूक झाली. ती मूळची परभणीची. कृषी विद्यापीठात शिकलेली, माती आणि पाणी अडवण्याच्या कामात मुरलेली. नवरा बुद्धभूषण जिंतूरला शाळेत शिक्षक. जिंतूरहून ती रोज स्कूटीवर यायची.

संस्थेचे चेअरमन माणिकराव. त्यांनी पहिल्याच भेटीत तिचं आडनाव विचारलं, ऐकून "बरं, बरं" म्हणाले, आणि चहा मागवला. त्यांचा कपबशीत आला, तिचा कागदी कपात. माधवीनं तो घेतला आणि कामाचं बोलायला सुरुवात केली. त्याच दुपारी डोंगर पाहून ती घामाघूम होऊन झिऱ्यापाशी उतरली, तेव्हा तिथं दगडाबाई नावाची एक म्हातारी धुणं आटपून बसली होती. तिनं काही न विचारता आपला तांब्या झिऱ्यात बुडवला आणि पुढं केला.

"पी, बाई. नळाच्या पान्यावानी न्हाई हे. पोटाला गार लागतंय."

वाद झाला तो संस्थेच्या गोदामात, सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीसमोर.

"सरळ घळीतून जेसीबी घाला," माणिकराव म्हणाले. "वरून ओंडका सोडला की थेट सडकंला. ह्या म्याडम डोंगराला घेरा घालून वाट न्यायची म्हनायल्यात. एवढं डिझेल कोन जाळनार?"

माधवी उभी राहिली. "घळीतून सोपं पडेल, खरंय. पण घळ ही पाण्याची वाट आहे. तिथली झुडपं खरवडली, माती मोकळी केली, की पावसात ती सगळी खाली येणार. आणि घळीच्या तोंडाशी काय आहे?"

तिनं डोंगराच्या दिशेनं हात केला.

"तुमचा झिरा आहे."

"मंग झाडंच तोडू नका म्हना की," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

"तोडा ना. सागवान तोडलं तर बुंध्याला पुन्हा फुटवा येतो. डोंगराचं जास्त नुकसान होतं ते ओंडके ओढून नेण्यात. ट्रॅक्टर जिथं वाट मिळेल तिथं घुसतो, माती दाबली जाते, चाकोऱ्या पडतात आणि पाणी त्या चाकोऱ्या धरून पळतं. म्हणून वाट एकच करायची, आणि आधी आखून करायची. जुनी गाडीवाट आहे तीच पुढं न्यायची, उताराला आडवी, हळूहळू चढणारी. घळ एकाच ठिकाणी ओलांडायची, जिथं खाली कातळ आहे. आणि वाटेवर थोड्या थोड्या अंतरानं आडवे चर खणायचे, म्हणजे पाणी वाटेवर साचणार नाही, बाजूला झाडांत निघून जाईल. ओलं असताना ट्रॅक्टर घालायचा नाही. एवढं पाळलं तर झिऱ्याला काही होत नाही."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. ऐकलं सगळ्यांनी होतं, पण चेअरमनच्या विरुद्ध पहिला हात कुणी वर करायचा हा प्रश्न होता. तेवढ्यात पोत्यांवर बसलेला परमेश्वर खाली उतरला. तो दगडाबाईचा थोरला मुलगा. साखर कारखान्यांवर ऊस वाहून हात बसलेला, गावातला सगळ्यात चांगला ट्रॅक्टरवाला. अंगानं दांडगा, बोलायला मोकळा.

"ट्रॅक्टर मीच चालवनार हाय ना? मंग माझं बी आयका. घळीत उतार असलाय की भरलेली ट्रॉली मागून ढकलती अन् ब्रेक बिलकुल धरत न्हाई. ताईची वाट लांबची हाय, पर मला ती बरी. जास्तीचं डिझेल लागलं तर माझ्याकडून."

"आरं, तुझ्याकडून कशाला?" दगडाबाई दाराशी बसली होती, तिथून बोलली. "ह्या डोंगराला पानी मी घातलंय, माझ्या सासूनं घातलंय. झिरा बुजला तर तुमी बाप्ये जानार का पान्याला? माझा हात ताईच्या वाटंला."

तिनं हात वर केला. मग एकेक करून बायकांचे हात वर झाले, आणि बायकांकडं बघून बाप्यांचे. माणिकरावांनी मोजले नाहीत. "करा मग तुमच्या मनानं," म्हणून ते उठून गेले.

त्यानंतरचे दिवस माधवीला चांगले आठवतात. सकाळी परमेश्वर लाल रिबिनींचं बंडल घेऊन हजर असायचा. ती पुढं उताराचं माप घ्यायची, तो मागून झाडाला रिबीन बांधायचा. मोठं झाड आडवं आलं की वाट थोडी वळवायची, वारूळ आलं तरी वळवायची. "ताई, तुमी असंच वळवत गेलात तर ही वाट जिंतूरला निघंल," तो म्हणायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. मधल्या वेळेला त्याची बायको मंजुषा भाकरी घेऊन यायची, आणि माधवी नको नको म्हणत असताना तिच्याही हातावर भाकरी ठेवायची. वाट डोंगराच्या अंगावरून चढत जायची. एकाच ठिकाणी, घळ ओलांडल्यावर, तिला मोठं वळण घ्यावं लागलं. तिथं खालच्या बाजूला तुटका उतार होता. "इथले चर नीट खोल हवेत," माधवीनं बजावून सांगितलं. "वरचं सगळं पाणी इथंच येणार."

चर खणायचं काम घराघरांत वाटून दिलं. वळणाचा तुकडा आला भागवतकडं. भागवत परमेश्वरचा धाकटा भाऊ. कामाला वाईट नव्हता, मन लावलं तर एकटा दोघांचं काम करायचा. पण त्या आठवड्यात आभाळ भरून यायला लागलं आणि सगळ्या गावाचा हरभरा काढणीला उभा. जो तो रानात पळाला. माधवीनं खालचे चर एकेक करून पायाखाली घालून तपासले. वळणाकडं जायला निघाली तर वाटेत भागवत हरभऱ्याचे भारे बांधताना दिसला.

"भागवतभाऊ, वळणावरचे झाले का?"

"झाले की, ताई. कालच," तो मान वर न करता म्हणाला.

ऊन डोक्यावर आलं होतं. माधवी तिथूनच परत फिरली.

तोड सुरू झाली. ओंडके साखळीनं ओढून वाटेवर आणायचे, ट्रॉलीत भरायचे आणि परमेश्वर ते सावकाश खाली घेऊन यायचा. डोंगरात एक तेवढी वाट सोडली तर कुठं ओरखडा नव्हता. झिरा तसाच नितळ. दगडाबाई भेटेल त्याला सांगायची, "बगा, माझ्या पोरीनं वाट कशी काढलीय." ती माधवीला पोरगी म्हणायला लागली होती.

मार्चमध्ये अवकाळी आला. एक रात्र बरा पडला, सकाळी उघडला. त्या दिवशी माधवी वाहतूक परवान्याच्या कामाला परभणीत होती. दुपारच्या आत परमेश्वरचा फोन आला.

"ताई, वरलं सगळं वाळल्यावानी दिसायलंय. खाली ट्रक येऊन उभा हाय. एक खेप मारू का?"

"नको, परमेश्वरभाऊ. वरून वाळलेलं दिसतं, आत ओल असते. दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या. ट्रकवाल्याला परत पाठवा."

"माणिकराव आयकत न्हाईत. म्हनायलेत, ट्रक रिकामा जाऊ देनार न्हाई."

"त्यांना माझ्याशी बोलायला सांगा."

"बरं," तो म्हणाला. "तुमी म्हनता तसं."

माणिकरावांचा फोन आला नाही. माधवीनं दोनदा लावला, लागला नाही. ती परवान्याच्या रांगेत उभी असतानाच पुन्हा फोन वाजला. कोळदऱ्यातल्याच कुणाचा तरी होता. तो माणूस नीट बोलत नव्हता, पण "वळन" आणि "खाली" हे दोन शब्द तिला कळले.

ती कोळदऱ्यात पोचली तेव्हा परमेश्वरला ट्रॅक्टरखालून काढून जिंतूरच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि तो वाटेतच गेल्याची खबर गावात परत आली होती. गावातून रडण्याचा आवाज येत होता. तिकडं जायचं धाडस तिला झालं नाही. ती आधी डोंगरावर गेली.

वळणावर वाटेची बाहेरची कड बैलगाडीच्या लांबीएवढी तुटून खाली गेली होती. खाली ट्रॅक्टर चाकं वर करून पडला होता आणि ओंडके घळीत पसरले होते. वरून आलेल्या पाण्याच्या रेघा वाटेवर स्पष्ट दिसत होत्या. रात्रीचं पाणी चाकोऱ्या धरून वळणापर्यंत आलं होतं, बाहेर पडायला जागा न मिळाल्यानं तिथंच मुरलं होतं आणि कड आतून भुसभुशीत झाली होती. माधवी खाली वाकली. जिथं चर हवे होते तिथं सागाचा पाला पसरलेला होता. तिनं हातानं पाला बाजूला सारला. खाली वीतभरही न गेलेले ओरखडे होते, आणि त्यातून डोकावणारा खडक.

मागं पाला वाजला म्हणून तिनं वळून पाहिलं. भागवत उभा होता. त्याच्या सदऱ्यावर भावाचं रक्त होतं. तो तिच्याकडं बघत नव्हता, तिनं बाजूला सारलेल्या पाल्याकडं बघत होता. मग तो उताराखाली पळत गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघाताची नोंद झाली. परमेश्वरचा दहावा होऊन गेल्यावर माधवी भागवतला भेटायला त्याच्या रानात गेली. तो बांधावर बसून होता, दाढी वाढलेली.

"मला कशासाठी आलात ते ठाव हाय," तो म्हणाला.

"मग तुम्हीच सांगा."

"तिथं खडक लागला. पहार वाकली. वर आभाळ असं, हरभरा असा उभा. म्हनलं दोन चरांनी काय व्हायलंय, मागून खनू. पाला टाकून ठिवला." तो थांबला. "त्या दिशी दादानं मला इचारलं व्हतं. ट्रॅक्टरवर बसल्यावर. म्हनला, भागवत, वळनावरचे चर हायेत ना रं, पानी निघून गेलं असंल ना? मी म्हनलं, निघून गेलं. दादा म्हनला, मंग काय फिकीर न्हाई."

माधवी त्याच्याशेजारी बांधावर बसली.

"गावात बैठक होणार आहे," ती म्हणाली. "माणिकराव ही वाट बंद करून घळीतून रस्ता काढायचं ठरवून बसलेत. लोक म्हणतील, वाट वाईट होती. वाट वाईट नव्हती हे तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुम्ही स्वतः सांगा, भाऊ. माझ्या तोंडून नको."

"मायला कसं सांगू?" भागवत म्हणाला. "ती मला जेवायला वाढती, ताई. मी न्हाई जेवलो तर रडती. म्हनती, आता तूच एक हायस."

घरी आल्यावर तिनं बुद्धभूषणला सगळं सांगितलं. तो वह्या तपासत बसला होता. वही मिटून म्हणाला, "तू खरं ते सांग. त्यानं नाही सांगितलं तरी."

"आणि त्या म्हातारीचं काय?"

त्यानं मिटलेली वही पुन्हा उघडली. त्यानंतर दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही, पण माधवीच्या डोक्यातून तो हलेना. मनाशी तिनं एकच ठरवलं. भागवतची वाट बघायची, आणि नाहीच बोलला तर आपण बोलायचं.

बैठकीला गोदाम भरलं होतं. पोत्यांची थप्पी आता कमी झाली होती. मंजुषा आली नव्हती. दगडाबाई दाराशी न बसता पुढं येऊन बसली होती, आणि शेजारी भागवत. म्हातारीनं त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, लहान पोराला जत्रेत धरतात तसं.

माणिकराव म्हणाले, "मला कोनाला दोष द्यायचा न्हाई. जानारा गेला. पर ज्या वाटंनं आपला मानूस गेला, त्या वाटंनं पुन्हा कोनाला पाठवायचं का, एवढंच बोला. घळीतून सरळ रस्ता काढला असता तर वळनच नसतं. वळनच नसतं तर परमेश्वर आज हितं बसला असता."

लोकांनी माना हलवल्या. बोलणं ऐकायला खरंच वाटत होतं.

"दोष वाटेचा नाही," माधवी उठून म्हणाली. "ओल्यात ट्रॅक्टर घालू नका, असं मी फोनवर सांगितलं होतं. चेअरमनसाहेबांनाही ते माहीत होतं."

"मी त्याला म्हनलो, जमत असंल तर जा," माणिकराव म्हणाले. "तोच म्हनला, चर हायेत, पानी निघून गेलंय. इचारा, चार मानसं हुती तिथं."

"वळणावर चर नव्हते. ते खणलेच गेले नव्हते."

गोदामात कुजबुज झाली. माणिकराव थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं का, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"मंग कोनाकडं व्हतं वळनाचं काम?" ते म्हणाले. "नाव घ्या की. गावासमोर घ्या."

माधवीनं भागवतकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. तिनं वाट पाहिली. सगळं गोदाम वाट बघत होतं. काम कोणाला वाटून दिलं होतं हे तिथल्या काही जणांना आठवत असणार, पण तेही गप्प होते. मग तिची नजर दगडाबाईवर गेली. म्हातारी तिच्याकडं डोळे लावून बसली होती आणि तिच्या बोटांनी भागवतचं मनगट आणखी घट्ट आवळलं होतं.

नाव माधवीच्या जिभेवर आलं होतं.

"तपासायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "मी ते तपासलं नाही."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते बोलणं सोपं गेलं.

"आयकलं?" माणिकराव लोकांकडं वळले. "म्याडम सोता कबूल करायल्यात. जिम्मा त्येंचा व्हता."

मग दगडाबाई उभी राहिली. तिचा आवाज फार मोठा नव्हता. "त्या वाटंला मीच हात वर केला व्हता. ह्याच हातानं. माझ्या हातानं माझं लेकरू मी त्या वळनावर नेऊन घातलं." तिनं तोच हात वर केला. "बंद करा ती वाट. घळीतून न्या न्हाईतर कुठूनबी न्या."

तिच्या मागोमाग बाकीचे हात वर झाले. माधवीनं ते पाहिले आणि खाली बसली. तिच्याजवळ आता वाटेच्या बाजूनं बोलायला काही उरलं नव्हतं. झिऱ्याचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही, आणि तिनंही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी तिला निरोप पाठवला, की या हंगामाचं काम संपत आलंय, पुढच्या हंगामाचं पुढं बघू.

एप्रिलमध्ये घळीत जेसीबी उतरला. करंज, जांभूळ, निरगुडी, जे काय घळीच्या काठानं उभं होतं ते सगळं मुळासकट निघालं. राहिलेलं लाकूड भराभर खाली आलं. रस्ता रुंद आणि सरळ झाला होता. लोक म्हणाले, आधीच असा केला असता तर बरं झालं असतं.

माधवीला सेलूकडं एका पाणलोटाच्या कामावर नोकरी लागली. कोळदऱ्याला जायचं तिच्या मनात अनेकदा यायचं आणि ती टाळायची. शेवटी श्रावण सरता सरता, सलग दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर, ती स्कूटी काढून गेली. का जातेय हे तिनं बुद्धभूषणला सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

घळीतला रस्ता आता रस्ता राहिला नव्हता. मधोमध माणूस उभा मावेल एवढी खोल नाळ पडली होती आणि तिच्यातून तांबडं पाणी खळाळत होतं. दोन्ही काठ ढासळत होते. काठावर उभे असलेले, न तोडलेले सागही मुळं उघडी पडून कलले होते. घळीच्या तोंडाशी, जिथं झिरा होता, तिथं चिखलाचा सपाट थर पसरला होता. त्यात दगडाबाई बसली होती. हातानं चिखल उपसून तिनं एक खड्डा केला होता आणि त्यात जमलेलं गढूळ पाणी ती करवंटीनं घागरीत भरत होती.

"मावशी," माधवी म्हणाली.

म्हातारीनं वर पाहिलं. ओळख पटायला वेळ लागला नाही, पण ती हसली नाही आणि या, बसा म्हणाली नाही.

"नळाची मोटार जळलीय," ती म्हणाली. "म्हनून आले."

माधवी तिच्यासमोर उकिडवी बसली. "मंजुषा कशी आहे?"

"माहेरी गेली. लेकरं घेऊन."

"आणि भागवतभाऊ?"

दगडाबाईचा हात थांबला. "गेला. पुन्याला हाय म्हनत्यात. मी न्हाई इचारत." ती पुन्हा करवंटी बुडवायला लागली. "नागपंचमीच्या दिशी झिरा बुजला. समदं गाव बगायला आलं, घळीच्या रस्त्याला शिव्या द्यायला आलं. त्या दिशी भागवतनं मला सांगितलं. वळनाचं. पाला टाकल्याचं. दादानं इचारल्याचं बी सांगितलं. मी म्हनलं, माझ्यासमोरून उठ. तो उठला, तो गेला."

घळीतलं पाणी वाजत होतं.

"तुला ठाव व्हतं," दगडाबाई म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं, पण माधवीनं उत्तर दिलं.

"होतं."

"बैठकीच्या दिशी ठाव व्हतं."

"हो."

"अन् गप बसलीस."

"तुम्हाला एकच मुलगा राहिला होता, मावशी. तुम्ही त्याचा हात धरून बसला होता."

"मंग?" म्हातारीनं करवंटी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "त्या दिशी तू बोलली असतीस तर मी छाती बडवून घेतली असती. त्याला गावासमोर शिव्या दिल्या असत्या, मारलं बी असतं. पर तो माझ्या समोर असता. रडला असता, मी रडले असते. अन् हात मी वर केला नसता. ही घळ उकरली नसती कोनी. आता काय? थोरला गेला तो गेलाच. धाकटा तोंड लपवून गेला. अन् हे..." तिनं चिखलात हात फिरवला. "तुला वाटलं, म्हातारीला खरं पेलायचं न्हाई. तू कोन ठरवनार माझं? ह्या डोंगराला पानी घातलंय मी."

आपण दया केली असं माधवी इतके महिने मनाशी म्हणत आली होती. म्हणूनच तर तिला झोप लागत होती.

वर घळीकडं बघत ती म्हणाली, "वर, नाळ सुरू होते तिथं, दगडाचे बांध घातले तर माती थांबेल. अजून वेळ गेलेली नाही. दोन पावसाळे गेले तर झिरा..."

"कोनाला सांगायलीस?" दगडाबाई म्हणाली. "गावात तुझं आयकनारे दोघं हुते. एक त्यो, अन् एक मी."

तिनं घागर उचलली. ती निम्मी भरली होती आणि पाणी तांबडं होतं. माधवीनं हात लावायला पुढं केला, पण म्हातारीनं घागर दुसऱ्या कमरेवर घेतली आणि चिखलातून पाय काढत, जपून, गावाच्या वाटेला लागली. वळून पाहिलं नाही.

माधवी तिथंच बसून राहिली. खड्ड्यात पुन्हा पाणी जमत होतं, आणि काठाचा चिखल थोडा थोडा सुटून त्यात पडत होता. तिनं तो हातानं मागं ओढला. तो परत आला. वर डोंगरात कुठंतरी काठ ढासळल्याचा जड आवाज झाला आणि घळीतलं पाणी आणखी गडद होऊन खाली आलं.